‘ग्रह’ शब्दाचा घोळ

मुलांसाठीं लिहिलेलीं सूर्यमालेचीं पुस्तकें चाळतांना आम्ही पहिल्याच पानावर अडखळतों. ग्रह आठ, असें तेथें ठामपणें सांगितलेलें असतें. पण येथील अंबाबाईच्या देवळाच्या आवारांत नवग्रहांस हात जोडून आलेल्या मुलानें काय समजावें? त्या नवांत सूर्यचंद्र आहेत, राहु-केतु आहेत; पायांखालची पृथ्वी मात्र नाहीं. यांत अडाणीपणा कांहीं नाहीं. स्थिर तारकांतून सरकतो तो ग्रह, हा जुना अर्थ; पाहणारा पृथ्वीवरच उभा, म्हणून ती गणतींत नाहीं. राहु-केतु म्हणजे चंद्राची कक्षा क्रांतिवृत्तास छेदते ते दोन बिंदु. अमावास्या वा पौर्णिमा त्यांच्याजवळ आली कीं ग्रहण. नव्या शास्त्रानें शब्द तोच ठेवून अर्थ पालटला : सूर्याभोंवतीं फिरणारा व आपला मार्ग इतर पिंडांपासून मोकळा केलेला गोल. २००६ सालीं प्लूटो वगळला गेला तोहि या व्याख्येच्याच कलमानें.

कोल्हापुरांतच १९३८ सालीं जन्मलेले जयंत नारळीकर खगोलशास्त्र व फलज्योतिष यांतील भेद मराठी वाचकांपुढें आयुष्यभर मांडीत राहिले. आमच्या पुस्तककारांस मात्र ‘ग्रह’ शब्दाच्या या दोन अर्थांसाठीं चार ओळींची जागा सांपडत नाहीं. गुरूचा व्यास किलोमीटरांत देण्यास ती बरोबर सांपडते!