दिसले तेवढेच सांगणारे पत्र

२८ डिसेंबर १९४० च्या ‘नेचर’मध्ये ऑक्सफर्डहून आलेले एक छोटेसे पत्र छापले आहे. विषय आहे जिवाणूंमधले पेनिसिलिन नष्ट करणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम. खाली एडवर्ड एब्रहॅम आणि अर्न्स्ट चेन यांची नावे आहेत. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंची चर्चा निघाली की या पत्राचा हवाला दिला जातो, तोही बहुधा द्रष्ट्यांनी दिलेला इशारा म्हणून. प्रत्यक्षात त्यात इशारा कुठेच नाही. त्याची गोडी वेगळ्या ठिकाणी आहे.

आधी काळ लक्षात घेऊ. एब्रहॅम आणि चेन ज्या गटात होते, त्या हॉवर्ड फ्लोरींच्या गटाने पेनिसिलिनने उंदीर वाचवले ते त्याच वर्षीच्या मे महिन्यात. ऑगस्टमध्ये ती हकिगत ‘लॅन्सेट’मध्ये आली. या गटाने आजारी माणसाला उपचार म्हणून पेनिसिलिन दिले ते मात्र फेब्रुवारी १९४१ मध्ये. म्हणजे या गटाचे औषध अजून रुग्णापर्यंत पोचलेही नव्हते, तेव्हा त्याला निकामी करणारी वस्तू छापून आली होती. असे असूनही पत्रात नाट्याचा लवलेश नाही.

सुरुवात होते ती दुसऱ्याच्या निरीक्षणापासून. काही जिवाणू, विशेषतः कोलाय गटातले, पेनिसिलिनला दाद देत नाहीत, असे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२९ मध्येच नोंदवले होते. त्यांना ती सोयच वाटली होती. पेनिसिलिनने बाकीचे जिवाणू दडपायचे आणि न दबणारे वेगळे काढायचे, असा त्याचा उपयोग त्यांनी सुचवला होता. एब्रहॅम आणि चेन त्याच निरीक्षणाला ‘असे का?’ म्हणून विचारतात. नवे काही पाहण्याआधी जुन्याच पाहण्याला प्रश्न विचारणे, ही या पत्राची पहिली खुबी.

मग ते कोलाय जिवाणू यंत्रात चिरडतात आणि त्यांचा अर्क पेनिसिलिनमध्ये मिसळून उबेत ठेवतात. पेनिसिलिनची जिवाणूंना रोखण्याची ताकद नाहीशी होते. कमी काटेकोर लेखक इथेच थांबला असता. ही किमया विकराचीच कशावरून, हा पुढचा प्रश्न, आणि पत्राचा सर्वांत रसाळ भाग तोच. अर्क ९० अंशांवर पाच मिनिटे तापवला की त्याची शक्ती जाते. सेलोफेनच्या पडद्यातून तो पदार्थ पार होत नाही, म्हणजे त्याचा रेणू मोठा असला पाहिजे. पपेन घातले की तो नष्ट होतो. पपेन म्हणजे पपईच्या चिकातले प्रथिन पचवणारे द्रव्य. कच्च्या पपईने मटण मऊ होते ते त्याच्यामुळेच. उष्णतेने बिघडणारे, पडद्यात अडणारे, पपेनला बळी पडणारे ते प्रथिनच असणार. एकेक पुरावा स्वतंत्रपणे अपुरा आहे, तिन्ही मिळून मात्र सुटायला वाट ठेवत नाहीत. एवढे झाल्यावरच लेखक त्या वस्तूला ‘पेनिसिलिनेज’ हे नाव देतात.

यापुढे पत्र एक अनपेक्षित वळण घेते. मायक्रोकॉकस लायसोडिक्टिकस हा जिवाणू पेनिसिलिनपुढे नमतो, पण विकर त्याच्यातही सापडते. आपल्याच शोधाला छेद देणारी ही नोंद गाळता आली असती. लेखक ती ठेवतात आणि सांगतात की विकर असणे-नसणे एवढ्यावरच जिवाणूचे टिकणे ठरत नसावे. ही सावधगिरी पुढे सार्थ ठरली. साध्या कोलायमध्ये हे विकर बेताचेच असते. पेनिसिलिनला अडवण्यात त्याच्या बाहेरच्या आवरणाचाही मोठा वाटा असतो, हे नंतर कळले.

पत्राला मर्यादाही आहे. स्टॅफिलोकॉकसमध्ये विकर आढळले नाही, असे ते सांगते. त्यांच्यासमोरच्या जिवाणूंपुरते ते खरेच होते. पण १९४४ मध्ये विल्यम किर्बी यांनी प्रतिरोधी स्टॅफिलोकॉकसमधून पेनिसिलिन निष्प्रभ करणारा अर्क काढला. जिवाणू बदलतात, एकमेकांकडून जनुके घेतात, याचा अंदाज पत्रात नाही. त्याला ‘इशारा’ म्हणू नये ते यासाठीच.

शेवट मात्र लांबचा वेध घेतो. इतक्या जिवाणूंत हे विकर आहे, तर त्यांच्या चयापचयात पेनिसिलिनसारख्या पदार्थाचे काही काम असेल का, असे लेखक सुचवून जातात. जपून मांडलेली ही एकच कल्पना. तिचे नेमके रूप टिकले नाही, पण दिशा फलदायी ठरली. पेनिसिलिनच्या रेणूतले चार अणूंचे ताणलेले कडे हे विकर पाण्याच्या रेणूच्या मदतीने फोडते आणि स्वतः मोकळे होऊन पुढच्या रेणूकडे वळते. अशा विकरांपैकी बरीच जिवाणूची भिंत बांधणाऱ्या विकरांची भावंडे आहेत, आणि पेनिसिलिन नेमके त्या बांधणाऱ्यांनाच जखडते. कॅनडातल्या तीस हजार वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीतही अशा विकरांची जनुके सापडली आहेत. औषधाच्या कारखान्यांहून हा झगडा कितीतरी जुना आहे.

पुढे एब्रहॅम यांनीच या विकराला दाद न देणाऱ्या सेफॅलोस्पोरिन सी या रेणूवर काम केले आणि त्यातून औषधांचे नवे कुळ निघाले. मग त्यालाही फोडणारी विकरे आली. जस्ताच्या अणूंच्या मदतीने काम करणाऱ्या एका विकराच्या नावात तर नवी दिल्ली आहे. आपल्याकडे औषधाच्या दुकानात अमॉक्सिसिलिनच्या जोडीला क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड असलेली गोळी मिळते. त्यातला दुसरा घटक असतो तो पेनिसिलिन फोडणाऱ्या अशा काही विकरांना अडकवून ठेवण्यासाठी.

विज्ञानातल्या लेखनाचे मोठेपण आपण अनेकदा भाकितावरून मोजतो. या पत्राचे मोठेपण उलट आहे. हाती होते तेवढेच त्याने सांगितले, अडचणीची नोंद लपवली नाही आणि तर्काला तर्कच म्हटले. म्हणूनच नंतरच्या शोधांनी त्यात भर घातली, पण त्यातली निरीक्षणे खोडावी लागली नाहीत.