हजेरी क्रमांक आणि संगणकाचे दप्तर

शाळेत विद्यार्थ्याला दोन क्रमांक असतात. जनरल रजिस्टरमधला क्रमांक शाळा सोडेपर्यंत बदलत नाही. हजेरीपटावरचा दर जूनला बदलतो. 'सतरा नंबर कोण?' या प्रश्नाला वर्ष व तुकडी कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते. 'परफॉर्मन्स को-पायलट' वापरताना आम्हांला याच प्रश्नाची आठवण झाली.

सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीत १९९० च्या दशकात तयार झालेली आणि २००० साली सर्वांसाठी खुली झालेली ही प्रणाली संगणकाची मोजमापे ठराविक अंतराने टिपून दप्तरी लावते. डिस्कने किती वाचले, कोणत्या प्रक्रियेने प्रोसेसरचा किती वेळ घेतला, अशी ती मोजमापे. प्रत्येक डिस्क किंवा प्रक्रिया हा एक घटक. घटकाला माणसासाठी नाव असते, यंत्रासाठी क्रमांक. जुन्या दप्तरातून नावावरून क्रमांक काढण्यासाठी 'सी' भाषेत 'पीएम-लुकअप-इनडोम-आर्काइव्ह' हे फंक्शन दिलेले आहे. त्याला घटकांच्या गटाची खूण आणि नाव द्यायचे. क्रमांक परत येतो. ऋण संख्या आली तर चूक झाली असे समजायचे. (ही तपासणी न करता ऋण संख्याच क्रमांक म्हणून पुढे वापरणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात निघतात.)

आमचा आक्षेप वेगळाच आहे. दप्तरात घटकांच्या प्रत्येक यादीवर वेळेची नोंद असते. हे फंक्शन मात्र सगळ्या काळच्या याद्या एकत्र धरते आणि पहिली जुळणारी नोंद उचलते. नावात मोकळी जागा असेल तर तिच्या आधीचा भाग जुळला तरी त्याला पुरते. डिस्कच्या बाबतीत हे बहुधा खपून जाते. प्रक्रियांच्या बाबतीत नाही. लिनक्समध्ये प्रक्रियांच्या क्रमांकांची मूळ मर्यादा बराच काळ ३२,७६८ होती. ती गाठली की मोकळे झालेले क्रमांक पुन्हा वाटले जातात. सकाळी ४३२१ क्रमांकावर वेब सर्व्हर चालत असेल, तर रात्री त्याच क्रमांकावर बॅकअपची आज्ञावली असू शकते. दोघांचीही नावे त्याच क्रमांकाने सुरू होतात. शोध यशस्वी होतो, क्रमांकही बरोबर येतो. पण कोणाचा, ते कळत नाही. क्रमांकावरून नाव देणारे उलटे फंक्शनही पहिले सापडलेले नाव देते. रात्री अकराला यंत्र का रखडले याची चौकशी चालू असेल, तर दोष भलत्याच वेळच्या निरपराध आज्ञावलीवर जाऊ शकतो.

याला उपाय त्याच प्रणालीत आहे. 'पीएम-सेट-मोड' ने दप्तरातली वेळ ठरवावी आणि मग साधे 'पीएम-लुकअप-इनडोम' वापरावे; ते त्या वेळची यादी पाहते. मग एकत्रित शोध हवाच कशाला? संपूर्ण दप्तरात कोणकोणते घटक येऊन गेले हे दाखवायला, आलेखाची तयारी करायला तो सोयीचा आहे. तेवढ्यापुरता आम्ही तो मानतो. पण ज्या उत्तराला काळाची अट आहे ते काळ न विचारताच देणारे फंक्शन, निदान आपल्या नावात तरी, तसे सांगणारे हवे होते. नाव वाचून 'दप्तरासाठी हेच' असा समज होतो, आणि नवखा नेमके तेच उचलतो.