रिफ्लेक्सडब्ल्यू: आपणच काढलेला थर गायब होतो तेव्हा

जमिनीत रेडिओ लहरी सोडून आत काय दडलंय ते शोधायची कल्पना जुनी आहे. लाइमबाख आणि लोवी यांचं जर्मन पेटंट १९१० चं. आज ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार म्हणजे जीपीआरवर काम करायला लागलात, की एक नाव कानावर पडतंच: रिफ्लेक्सडब्ल्यू. कार्ल्सरूहेच्या झांडमायर यांचं हे सॉफ्टवेअर. विंडोजवर चालणारं, विकत घ्यावं लागणारं आणि दिसायला, खरं सांगायचं तर, नव्वदच्या दशकातलं. मेनूच्या आत मेनू, त्याच्या आत आणखी एक.

तरी ते शिकण्यासारखं आहे, ते मॉडेलिंगमुळे. तुम्ही जमिनीचा छेद काढता, त्यात थर, पाइप वगैरे ठेवता. प्रोग्राम बारीक चौकटींवर मॅक्सवेलची समीकरणं सोडवतो आणि अँटेनाला काय दिसलं असतं ते दाखवतो. मग तोच खोटा सिग्नल तिथेच उघडून त्याला फिल्टर लावायचे.

उदाहरण घेऊ. जमिनीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ९ धरला, तर लहरीचा वेग ०.१ मीटर प्रति नॅनोसेकंद. १ मीटरवरच्या पाइपचा प्रतिध्वनी २० नॅनोसेकंदांना, २ मीटरवरच्या सपाट थराचा ४० ला. आता बॅकग्राउंड रिमूव्हल लावा. हा फिल्टर सगळ्या ट्रेसची सरासरी काढून ती प्रत्येक ट्रेसमधून वजा करतो. वरची जाड आडवी पट्टी जाते, पाइपचा हायपरबोला झक्क उठून दिसतो. आणि सपाट थर? तोही साफ! सगळीकडे सारखाच होता ना बिचारा.

इथे थर तुम्हीच काढलेला, म्हणून चोरी पकडली गेली. मैदानात तो भूजलाचा थर असता तर अहवालात 'थर आढळला नाही' असं आलं असतं, आणि सोबत छान स्वच्छ चित्र. महायुद्धातले न फुटलेले बॉम्ब आजही खोदकामात निघतात त्या देशात 'काही आढळलं नाही' हे वाक्य किती जड आहे, ते वेगळं सांगायला नको.

माझी तक्रार आहे ती इथे. फिल्टर एका क्लिकवर चालतो, आणि काय गेलं हे बघायची सवय वापरणाऱ्याने स्वतः लावून घ्यायची. आधीच्या चित्रातून नंतरचं वजा करून बघा. जे उरतं तेच फिल्टरने खाल्लेलं. शिवाय कोड बंद, त्यामुळे आत डोकावता येत नाही.

एडिनबर्गमध्ये सुरू झालेलं जीपीआरमॅक्स फुकट आणि खुलं आहे, थ्रीडी मॉडेलही करतं. पण तिथे टेक्स्ट फाइल लिहून कमांड द्यायची, आणि फिल्टरसाठी बहुधा स्वतःचा पायथॉन कोड. ज्यांना कोडिंग जमतं त्यांनी तिकडे जावं. बाकीच्यांनी रिफ्लेक्समध्ये टूडी मॉडेल करताना प्रतिध्वनीच्या वेळेवर भरवसा ठेवावा, उजळपणावर कमी: टूडीत पाइप कागदाच्या आरपार अनंत लांब असतो, बॉम्ब तसा नसतो.