एसपी १६ चा आलेख आपण वाचतो, पण बघत नाही

कॉलमचं डिझाइन शिकताना एसपी १६ आपण सगळ्यांनीच हाताळलंय. १९८० साली निघालेली ही पुस्तिका आयएस ४५६ च्या १९७८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. २००० च्या आवृत्तीतही मूळ गृहीतकं तीच राहिली, म्हणून तिचे आलेख आजही चालतात.

आलेखांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती सोडवलेल्या उदाहरणांबद्दल. तिथे अक्षीय बल आणि मोमेंट यांची एकच जोडी असते. आपण बिंदू टाकतो, स्टीलची टक्केवारी काढतो, पुस्तक मिटतो. आणि नकळत समज पक्का होतो: भार जास्त, तर धोका जास्त.

आता हे बघा. ३०० × ५०० मिमीचा आखूड कॉलम, एम २५ काँक्रीट, चार कोपऱ्यांत फे ४१५ च्या २५ मिमी सळया, कडेपासून सळईच्या मध्यापर्यंत ५० मिमी. मोमेंट ५०० मिमी खोलीच्या दिशेने. हाताने गणित केलं तर मोमेंट पेलण्याची क्षमता साधारण अशी येते:

- दाब ५२० किलोन्यूटन: २२८ किलोन्यूटन-मीटर
- दाब २५०: १९३
- दाब शून्य: १४६

म्हणजे २१० चा मोमेंट आला, तर ५२० च्या दाबाखाली कॉलम टिकतो आणि २५० ला नापास होतो. भार कमी झाला म्हणून!

कारण साधं आहे. पुस्तकांची आडवी रांग दोन्ही हातांनी दाबून उचला, उचलली जाते. दाब सैल करा, मधली पुस्तकं खाली. बॅलन्स पॉइंटच्या खाली दाब हाच ताणाला आवर घालतो. त्या बिंदूच्या वर मात्र दाब वाढला की क्षमता घटते.

म्हणूनच आयएस ४५६ च्या तक्ता १८ मध्ये ०.९ स्थिरभार आणि १.५ भूकंपभार अशी जोडीही तपासायला सांगितलीय. खरं तर एसपी १६ च्या आलेखांवर ताणाकडची सळई यील्ड होते ती रेषाही आखलेली आहे. उदाहरणं तिच्याकडे बोट दाखवत नाहीत, इतकंच.

संशोधनाला लागण्याआधी एक करा. एका कॉलमचा वक्र स्वतः काढा आणि सगळ्या भारजोड्या त्यावर बिंदू म्हणून टाका. सॉफ्टवेअर ज्या जोडीला ‘क्रिटिकल’ म्हणतं, ती का, हे मग तुम्हाला सांगता येईल. गाईडचा पहिला प्रश्न बहुतेक तोच असतो.