कृत, कारित आणि पाइपचा गॅस

आपल्याकडे नाना म्हणजे घरातला वडीलधारा पुरुष. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये नाना म्हणजे आजी. तिथल्या आज्यांनी शेल वायूच्या विहिरीविरुद्ध आंदोलन केलं, त्याचा विषय आमच्या स्वाध्यायात निघाला. एक ताई म्हणाल्या, "आपल्या दारात घाण नको, एवढंच त्यांचं म्हणणं. गॅस त्यांनाही लागतोच की ओ!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ते अर्धंच पटलं.

आधी प्रकार काय तो बघा. जमिनीत दोन किलोमीटरहून खोल भोक पाडायचं, पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबानं आत सोडायची, खडक चिरायचा आणि त्यात अडकलेला वायू वर काढायचा. आपण पाणी दुपदरी फडक्यातून गाळतो आणि ते फडकं त्याच विहिरीच्या पाण्यात विसळतो, जीव आपल्या जागी परत जावेत म्हणून. आपल्याला हे पाणी वापरणं कसं वाटावं?

२०१४ च्या ऑगस्टमध्ये या आज्या डोक्याला रुमाल बांधून, पिवळे अंगरखे घालून प्रस्तावित विहिरीच्या शेतात जाऊन बसल्या. २०१५ साली तिथल्या काउंटी कौन्सिलनं परवानगी नाकारली. पुढच्या वर्षी लंडनच्या सरकारनं तो निर्णय फिरवला. मग प्रेस्टन न्यू रोडवरच्या फाटकापाशी रोजचा ठिय्या सुरू झाला. बुधवारी बायका पांढरे कपडे घालून शांत उभ्या राहत. मला आपल्या आर्यिका माताजी आठवल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये २.९ तीव्रतेचा धक्का बसला आणि नोव्हेंबरात सरकारनं काम थांबवलं. निवडून दिलेल्या लोकांचा 'नाही' वरून पुसला जातो, तेव्हा बाईनं रस्त्यावर उभं राहू नये तर काय करावं? त्याला नुसतं दारापुरतं भांडण म्हणणं अन्याय आहे.

पण ताईंचा अर्धा मुद्दा उरतोच. ब्रिटनमध्ये आजही अमेरिकेचा द्रवरूप वायू जहाजानं येतो, आणि अमेरिकेतला निम्म्याहून अधिक वायू असाच खडक चिरून काढलेला. लँकेशायरची विहीर बंद झाली, दुसऱ्या कुणाच्या दारातली चालूच राहिली.

आणि आपण? मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या अशा वायूचं जहाज दाभोळला लागलं. दाभोळहून बेंगळुरूला जाणारी वाहिनी आपल्या बेळगावावरूनच जाते. माझ्या शेगडीतला वायू कुठला, हे सांगता येणार नाही; नळीत सगळाच मिसळतो. पण पाप तीन वाटांनी लागतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो: स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, केलेल्याला मान डोलावली. कृत, कारित, अनुमोदना. त्या दिवशी मानाच तर डोलावल्या आपण.

मी काही शेगडी काढून टाकलेली नाही. डाळ आदल्या रात्री भिजवते, झाकण ठेवून शिजवते, एवढंच. पुढच्या बैठकीत ताईंना मात्र विचारणार आहे, आपलं दार कुठवर धरायचं?