कमी बोलणारं पातं

वाचायला या चाकूवर फार काही नाही. पात्यावर तीन शब्द, पात्याच्या मुळाशी कारखान्याची खूण, मुठीवर एक चौकोनी चिन्ह. तरीही ‘हिटलर युगेंड’ या नाझी युवक संघटनेचा हा चाकू भिंगाखाली धरला की वाचन लवकर आटपत नाही. बाजारात बनावट मालाचा सुळसुळाट असल्यामुळे तर नाहीच.

चाकू तसा साधा. रानावनात भटकणाऱ्या पोरांनी कमरेला लावायचा ‘फार्टेनमेसर’ जर्मनीत आधीपासून होताच. 1933 मध्ये त्याला या संघटनेचा गणवेशी घाट मिळाला. साधारण 14 सेंटिमीटरचं पातं, काळ्या खवलेदार मुठीच्या दोन फळ्या, त्यांना धरून ठेवणारी दोन रिव्हेटं, काळं रंगवलेलं पोलादी म्यान, त्याला चामड्याची पट्टी. मुठीची ठेवण थेट सैनिकाच्या संगिनीची. दहा वर्षांच्या पोराला हा चाकू लावण्याचा मान मिळायचा तो एक चाचणी पार केल्यावर. तीत 60 मीटर 12 सेकंदांत पळायचं, लांब उडी मारायची, पक्षाचं गाणं म्हणून दाखवायचं. हत्यार हातात द्यायचं आणि त्याला बक्षीस म्हणायचं, ही सगळी चलाखी त्या मुठीत उतरली आहे.

पात्यावर वळणदार अक्षरांत ‘ब्लूट उंड एरे!’, म्हणजे रक्त आणि सन्मान. 1935 मध्ये न्युरेंबर्गला ज्यू आणि जर्मन यांच्यातली लग्नं बेकायदा ठरवणारा कायदा झाला, त्याच्या नावातही हेच दोन शब्द होते. अक्षरं आम्लाने खोदलेली आहेत. कडा स्वच्छ, तळ काळा, ओळीला सहज लय. काम देखणं आहे, आणि असं म्हणताना जीभ अडखळते तेही बरंच आहे.

पण जाणकार या अक्षरांवर भाळत नाही, तो तारखा जुळवतो. हे ब्रीद 1938 मध्ये बंद झालं. खुणाही बदलत गेल्या. सुरुवातीच्या चाकूंवर झोलिंगेन या जर्मन शहरातले कारखानदार आपली नाममुद्रा ठोकत. पुढे पक्षाच्या साहित्य-पुरवठा खात्याने, म्हणजे ‘आरझेडएम’ने, प्रत्येकाला क्रमांक दिला. एम 7/66 म्हणजे कार्ल आयकहॉर्न, एम 7/27 म्हणजे पुमा. मधल्या काळात काही पात्यांवर नाममुद्रा आणि क्रमांक दोन्ही दिसतात, नंतर नुसता क्रमांक आणि साल. त्यामुळे 1941 सालाचा शिक्का आणि शेजारी तेच ब्रीद असं पातं कुणी पुढे केलं, तर ते 1940 च्या पत्रावर पिनकोड असल्यासारखं आहे.

बनावट करणाऱ्याचा घात होतो तो इथेच. गिऱ्हाइकाला जे-जे हवं ते सगळं त्याला एकाच चाकूत द्यायचं असतं: ब्रीद, साल, नावाजलेला कारखाना, झगझगीत चिन्ह, वर एखादा समर्पणाचा मजकूर. अस्सल चाकू असा बोलघेवडा नसतो. तो घाऊक प्रमाणात निघालेला माल होता, आणि जसजशी वर्षं सरली तसतसा त्याचा थाट उतरत गेला. हे उतरणं नकलाकाराला सुचत नाही.

सगळ्यात बारकाईने पाहावं ते मुठीवरचं तांबड्या-पांढऱ्या रंगांचं चिन्ह. अस्सल चिन्हातला रंग म्हणजे धातूवर भट्टीत वितळवून बसवलेली काच. आपटली की तिचा टवका उडतो आणि फुटलेली कड काचेसारखीच चमकते. रंगवलेल्या नकलेचा पापुद्रा सुटतो. प्लास्टिकवर नुसता ओरखडा उठतो. मग झीज. हात जिथे दाबतो तिथले खवले बोथट व्हायला हवेत, म्यानात जा-ये करून पात्यावर लांबट रेघा पडायला हव्यात. धार लावून-लावून पातं अरुंद झालंय आणि ब्रीदाची अक्षरं मात्र कालच खोदल्यासारखी कोरीव, असं असेल तर चाकू गुपचूप खाली ठेवावा. एकेक खूण पुस्तकातून शिकून नक्कल करता येते. सगळ्या खुणांचं वय एक दिसणं अवघड.

युद्धानंतर झोलिंगेनमध्ये याच घाटाचे चाकू बालवीरांसाठी निघाले, मुठीवर लिलीचं फूल घेऊन. फूल उचकटून तिथे स्वस्तिक डकवणं हा सोपा धंदा. उलटंही घडलं: घरोघरी लोकांनी अस्सल चाकूवरचं चिन्ह खरवडून टाकलं, आणि चाकू स्वयंपाकघरात किंवा बागेत वापरला. माझ्या लेखी तोच वाचायला सर्वात चांगला. 1945 नंतर त्या घराने काय ठरवलं तेही त्यावर दिसतं. बाजारात मात्र त्याला भाव कमी, म्हणून कुणीतरी रिकाम्या खाचेत गोंदाने नवं चिन्ह बसवतो. पातं अस्सल, मूठ अस्सल, आणि विकायला मांडलेला चाकू खोटा.