अस्सलतेचा आग्रह आणि नवागत : चिपट्यून संगीताची एक चिकित्सा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत घरगुती संगणक व खेळयंत्रे यांमधील ध्वनिचिपांतून जे संगीत निर्माण झाले, त्यास 'चिपट्यून' असे म्हटले जाते. १९९० च्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमचा टोकदार, काहीसा कर्कश, परंतु चटकन ओठांवर येणारा नाद ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना या संगीताची जातकुळी वेगळी सांगण्याची गरज नाही. खेळाची पार्श्वभूमी म्हणून जन्मलेला हा नाद पुढे युरोप, जपान व अमेरिका येथे स्वतंत्र मैफलीचा विषय झाला.

या संगीताकडे वळणाऱ्या नवागतापुढे दोन प्रश्न उभे राहतात : वाद्य कोणते घ्यावे आणि शिकावे कोणाकडून? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हे दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत. आणि 'मूळ यंत्रावर वाजवले तेच खरे' हा आग्रह त्या दोहोंचीही उत्तरे अवघड करून ठेवतो.

१. वाद्याचे स्वरूप

१९८२ साली बाजारात आलेल्या कमोडोर ६४ या संगणकातील 'सिड' ही ध्वनिचिप बॉब यानेस या अभियंत्याने घडविली. तिच्यात केवळ तीन स्वरवाहिन्या होत्या. १९८९ च्या निन्टेन्डो गेम बॉयमध्ये त्या चार होत्या : दोन चौकोनी तरंगांच्या, एक वापरकर्त्याला आकार देता येईल अशा तरंगाची आणि एक केवळ खरखरीची. एवढ्यात सारा वाद्यमेळ बसवायचा. एका वाहिनीवर एका वेळी एकच स्वर वाजत असल्याने अनेक स्वरांचा संघात प्रत्यक्षात अशक्य. म्हणून ते स्वर एकामागून एक इतक्या वेगाने वाजविले जातात की कानाला संघाताचा भास व्हावा. खर्जाचा स्वर आणि तालाचा आघात एकाच वाहिनीवर आलटून पालटून बसविण्याची युक्तीही याच टंचाईतून जन्मली. रॉब हबर्ड यांची 'मॉन्टी ऑन द रन' (१९८५) या खेळासाठीची रचना ऐकताना हे सारे तीनच वाहिन्यांवर चालले आहे, यावर सहजी विश्वास बसत नाही. या संगीताचे सौंदर्य मर्यादेला दिलेल्या उत्तरात आहे, हे येथे प्रथम ध्यानात येते.

गेम बॉय हे वाद्य म्हणून विकले गेले नव्हते. त्याचे वाद्य झाले ते ऑलिव्हर विटखो यांच्या 'नॅनोलूप' (१९९८) आणि योहान कोत्लिन्स्की यांच्या २००० च्या सुमारास आलेल्या 'लिटल साउंड डीजे' या प्रणालींमुळे. दुसऱ्या प्रणालीत पंचरेषा नाहीत, पट्ट्याही नाहीत. सोळा ओळींचा एक 'फ्रेज', फ्रेजांची 'चेन' आणि चेनांचे गाणे, अशी तिची रचना आहे. आकडेही सोळाच्या पटीतील. नऊनंतर दहा न येता 'ए' येतो. नवागत प्रथम अडखळतो तो येथे.

अडचणी येथेच संपत नाहीत. यंत्र जुन्या बाजारातून मिळवायचे. प्रणाली चढविण्यासाठी पुन्हा पुन्हा लिहिता येणारे कार्ट्रिज शोधायचे. मूळ पडद्यामागे प्रकाश नसल्याने काळोख्या रंगमंचावर काही दिसत नाही, म्हणून तो बसवून घ्यायचा. आवाज स्वच्छ मिळावा यासाठी आतील प्रवर्धकाच्या आधीच तारा डकवून वेगळी वाट काढायची. अनेक कार्ट्रिजांतील स्मृती लहानशा बॅटरीवर तगून असते. ती संपली की गाणीही गेली. यांपैकी एकही गोष्ट निर्मात्या कंपनीच्या माहितीपुस्तिकेत असणे शक्य नव्हते. हे ज्ञान हातांतून हातांत जाते. वाद्याचा प्रश्न समुदायाच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही, तो यामुळे.

२. समुदायाचे स्वरूप

या समुदायाची एक मुळी 'डेमोसीन' या युरोपीय तरुणांच्या चळवळीत आहे. संरक्षणकुलूप तोडलेल्या खेळांच्या आरंभी आपली नाममुद्रा म्हणून चित्र व संगीत जोडण्याच्या १९८० च्या दशकातील प्रथेतून ती वाढली. फिनलंडमधील 'असेम्ब्ली' हा मेळावा १९९२ पासून भरतो. २०२० मध्ये फिनलंडने आणि २०२१ मध्ये जर्मनीने डेमोसीनचा समावेश आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय सूचीत केला. अमेरिकेत १९९९ साली स्थापन झालेली 'एटबिटपीपल्स' ही ध्वनिमुद्रण संस्था आणि न्यूयॉर्कमध्ये २००६ साली सुरू होऊन २०१२ पर्यंत चाललेला 'ब्लिप फेस्टिव्हल' यांनी या संगीताला रंगमंच दिला.

या परंपरेतील शिक्षणपद्धती विशेष लक्षणीय आहे. 'ट्रॅकर' प्रणालीत रचलेल्या गाण्याच्या फाइलमध्ये स्वर, ध्वनीचे नमुने आणि वादनाच्या सूचना एकत्र असतात. ती उघडताच रचनेचे सारे गुपित समोर येते. आपल्याकडे घराण्यांत चीज राखून ठेवण्याच्या कथा सर्वश्रुत आहेत. येथे मात्र उस्तादाची वहीच शिष्याच्या हाती पडते. या मोकळेपणातून उचलेगिरीचे आरोपही झाले, हे खरे. तथापि, पाठशाळेवाचून एवढी मोठी विद्या टिकली ती या उघड्या वहीमुळे, हे मान्य करावे लागते.

समुदायाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. 'सेक्स पिस्टल्स' या पंक वाद्यवृंदाचे व्यवस्थापक राहिलेले माल्कम मॅक्लॅरेन यांनी २००३ मध्ये 'वायर्ड' मासिकात लेख लिहून या संगीताला नवे पंक ठरविले. त्यावर २००४ मध्ये गॅरेथ मॉरिस या कलावंताने त्यांना उद्देशून अनावृत पत्र लिहून निषेध नोंदविला. बाहेरच्या प्रतिष्ठिताने आपली ओळख परस्पर ठरवावी, याविषयीचा तो रोष रास्त होता. परंतु अशा प्रसंगी उभारलेली भिंत पुढे प्रतिष्ठिताला अडवीत नाही. ती अडविते नवशिक्याला. 'तुझे यंत्र खरे आहे काय?' हा प्रश्न त्या भिंतीचाच दरवाजा होय.

३. अस्सलतेच्या आग्रहाची चिकित्सा

हा आग्रह इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. कार्स्टन ओबार्स्की यांच्या 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' (१९८७) नंतर अमिगा संगणकावर ध्वनिनमुन्यांचे संगीत रूढ झाले. त्यातील काही रचनाकारांनी अत्यंत आखूड तरंगनमुने वापरून जुन्या चिपांच्या नादाची नक्कल केली, आणि 'चिपट्यून' हा शब्द प्रथम रूढ झाला तो या रचनांसाठी. अँडर्स कार्लसन यांनी लुंड विद्यापीठातील आपल्या २०१० च्या प्रबंधात या संज्ञेचे बदलते अर्थ तपासले आहेत. ज्या नावाने शुद्धता मागितली जाते ते नावच नकलेच्या पोटी जन्मले, ही विसंगती बोलकी आहे.

वाद्याच्या शुद्धतेचा वाद आपणांस नवा नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर घातलेली बंदी १९७१ मध्ये अंशतः शिथिल झाली. त्या काळात हार्मोनियम मैफलीतून गेली नाही.

मूळ यंत्राची बाजूही नीट मांडली पाहिजे. 'सिड'च्या आरंभीच्या चिपांतील फिल्टर एकसारखे नाहीत. प्रत्येक चिपेला स्वतःचा वर्ण आहे. हातातील यंत्राने कलावंताला रंगमंचावर जी देहबोली मिळते तिचेही मोल आहे. परंतु जुनी यंत्रे मोजकी आहेत, ती दरवर्षी घटतच जाणार. खरेपणा केवळ त्यांच्यात असेल तर ही परंपरा संग्राहकांची होईल, संगीतकारांची राहणार नाही. याउलट 'फॅमीट्रॅकर' (२००५) किंवा 'फर्नेस' (२०२१) यांसारख्या विनामूल्य प्रणाली साध्या संगणकावर तोच व्याकरणाभ्यास उपलब्ध करून देतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला आरंभासाठी एवढे पुरेसे आहे.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो : संगणकावर पाचवी वाहिनी केव्हाही जोडता येते, मग मर्यादेची शिस्त राहील कशी? प्रस्तुत लेखकाच्या मते याचे उत्तर यंत्रात नसून समुदायात आहे. डेमोसीनच्या स्पर्धांत यंत्र, वाहिन्या किंवा फाइलचा आकार यांवर मर्यादा घालण्याची प्रथा आहे. ती मर्यादा कोणी लादलेली नसते. समजदार श्रोत्यांसमोर स्वेच्छेने पाळलेली असते. वृत्तात लिहिणाऱ्या कवीला एखादी मात्रा वाढविण्यापासून लेखणी रोखत नाही. जाणकार वाचक रोखतो.

निष्कर्ष

१. चिपट्यूनमधील वाद्य बाजारात तयार मिळत नाही. ते समुदायाच्या ज्ञानातून घडते. म्हणून नवागताने आधी माणसे शोधावीत, यंत्र नंतर.

२. मूळ यंत्राचा वर्ण मोलाचा आहे. तथापि तो प्रवेशाची अट होऊ शकत नाही.

३. या संगीताची अस्सलता स्वीकारलेल्या मर्यादेत आहे, आणि ती मर्यादा राखण्याचे काम जाणकार समुदायच करू शकतो.

चिपेतील तांबे व सिलिकॉन कालांतराने निकामी होईल. उघडी वही आणि ती वाचून दाखविणारा कोणी शिल्लक राहिला, तर चार वाहिन्यांचे हे संगीत नव्या हातांत जिवंत राहील.